पुस्तकाच्या पलीकडची जागा

ता. १२, दुपार

चि. थोरली हिस आजीचे अ. उ. आ. आशीर्वाद भरपूर पाठवले आहेत, वाटेत सांडले असतील तर कळव.

इकडे सगळी खुशाल. तू तिकडे दवाखान्यात सुया टोचायला शिकते आहेस, तेव्हा तूही खुशाल असणार. खुशाली टोचून घेणाऱ्यांची विचारायला हवी.

माझा लेखनिक बदलला आहे. लंब्या आता तुझ्या बापाच्या हाताखाली कापड मोजतो, त्याला मान वर करायला सवड नाही. बडबड्याला बसवून पाहिलं, तर त्यानं माझ्या तोंडून तुझ्याकडे स्वतःसाठी सायकल मागितली. म्हणून आता मधली लिहिते. तीन भावंडं वर, तीन खाली, ही बरोबर मध्ये. शर्टाच्या मधल्या बटणासारखी, लागलेलं असलं की कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रामाणिक इतकी की मी मांजराला हाकललं तरी तेही लिहिते. शुक शुक. बघ, लिहिलंच असेल.

दुपारी शिवणाचं मशीन गुणगुणत असतं, उन्हाच्या पट्ट्यात दोऱ्यांची लव तरंगत असते आणि मी हिच्या हाताकडे बघत बसते. ही पोटाजवळच्या कडेपासून सुरुवात करते आणि ओळीवर ओळ वर चढवत नेते, वेल चढते तशी. मला वाटतं माझं बोलणं कागदभर चढून खिडकीबाहेर निघालं, कौलांवरून तुझ्याकडे. काल असंच बघता बघता डुलकी लागली. अक्षरं म्हणजे बटणं झाली होती, आणि आभाळ अंगात घालून कुणीतरी ती सावकाश लावत होतं. एक बटण उरलं, ते माझ्या हातात दिलं. कुठं लावायचं ते कळायच्या आत तान्ही रडली.

आता काळजीचं. वर्गाच्या बाईंनी तुझ्या आईला बोलावलं होतं. मधलीला अक्षर ओळखता येत नाही म्हणाल्या. फळ्याकडे मान वाकडी करून बघते. एकदा तर बाकाशेजारी उभी राहून वाकली आणि स्वतःच्याच पायांमधून फळा बघायला लागली, वर्ग खो खो हसला. हिला पुढच्या वर्गात घालण्यात अर्थ नाही, घरी काही काम शिकवा, असं बाईंचं म्हणणं. तुझा बाप म्हणाला की सात पोरांत एखादं मागे राहायचंच, मलाही काजं-बटणांना हात हवेतच, महिनाअखेरीला शाळेतून नाव काढू. रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते. पण कापड कमी पडलं, बाही आखूड करू, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं शांतपणे म्हणाला.

मी विचारलं की हिला अक्षर येत नाही, तर थोरलीला पत्रं कोण लिहितं, मांजर? तर म्हणतो, आई, तुला अक्षर कळत नाही, ती काय रेघोट्या काढते ते तुला काय ठाऊक. मग माझी साक्ष कोण धरणार? म्हणून तूच सांग, हे तुला वाचता येतं की मुंग्यांची रांग आहे? हे सगळं मधलीच लिहिते आहे. मान खाली घालून, स्वतःबद्दलचा एकही शब्द न गाळता.

लोभ आहेच, तो वापरत जा. घडी घालून ठेवलास तर कसर लागेल. खाली माझा अंगठा.

तुझी,
आजी

ता. १७

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. आशीर्वाद सगळे पोचले. दोनचार माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला दिले, तिच्याकडे आजी नाही.

बाबांना सांग, ही अक्षरंच आहेत, आणि माझ्याहून सुरेख. आमच्या मेट्रनबाईंनी पाहून विचारलं की घरी कोण वडीलधारं माणूस इतकं नेटकं लिहितं. मी म्हटलं, तान्हीला कडेवर घेऊन फिरणारं.

आजी, इथे मला एक टेबल आहे. त्यावर दिवा, दिव्याखाली पुस्तक, आणि चारही बाजूंना कुणी नाही. पहिले काही दिवस मला वाचताच येईना. पानाच्या पलीकडे कुणाचं तरी डोकं हवं, कुणाचा तरी श्वास पानावर पडायला हवा, असं वाटत राहतं. मग डोळे मिटते. जमिनीवर एक पुस्तक उघडं आहे आणि भोवती आमची सगळ्यांची डोकी, पाण्यावर वाकलेल्या गुरांसारखी. तान्हीचा पाय भूगोलावर. परीक्षा माझी, म्हणून पुस्तकासमोर मी आणि पान उलटायचं तेही मीच. ज्याचं त्या वेगात वाचून झालं त्याचं झालं. मग तेच पुस्तक लंब्याकडे, तिथून बडबड्याकडे. मधलीच्या हाती येईपर्यंत इतिहासातले राजे गळालेले असायचे आणि भूगोलातल्या नद्या फाटलेल्या. तरी ती त्या पुस्तकाला नवीन कागद घालायची, आठवतं?

माझी परीक्षा झाल्याशिवाय सुट्टी नाही, आणि ती महिनाअखेरीनंतर आहे. मी येईपर्यंत तिचं नाव काढू देऊ नकोस. बाबांना वेगळं लिहिलं असतं, पण त्यांच्या हातात कागद पडला की ते आधी त्यावर कॉलरचा खाका काढतात.

मधलीला एक पापा, शाई वाळल्यावर. तुझी माया अशीच पांघरायला असू दे.

तुझी,
थोरली

ता. २२

चि. थोरली हिस आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र मधलीनं वाचून दाखवलं. पाप्याच्या जागी थांबली आणि मग भराभर पुढे गेली. गुरांची उपमा सगळ्यांना लागू आहे, फक्त बडबड्याला राग आला.

तुझ्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, थोरलीचा जीव मधलीवर, ती असंच लिहिणार. पत्रं दुसरंच कुणीतरी पोर लिहीत असेल. त्यावर बडबड्या छाती काढून म्हणाला की होय, मीच. त्याला मी चिमटा काढला, पण तोवर व्हायचं ते झालं. तुझी आई मध्ये पडली नाही. तिला दिवसभरात बसायला मिळत नाही, मध्ये पडायला कुठून मिळणार. एवढंच म्हणाली की ही घरी राहिली तर तान्हीकडे बघायला कुणीतरी होईल. म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याकडे जरा वेळ बघत राहिली.

मधली काजं करायला लागली आहे. वाईट केली असती तर बरं होतं. इतकी बारीक, इतकी सारखी करते की तुझ्या बापानं चष्मा लावून बघितली आणि खूश झाला. आता तो हिला शाळेला कशाला सोडतोय. महिनाअखेर आता तोंडावर आली आहे. मधली काल शाळेतून आली, दप्तर खुंटीला लावलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली, पाहुणा निघाला की दारात उभं राहतो आपण, तशी.

एक तक्रार तुझ्याबद्दलही आहे. मला वाचता येत नसलं तरी डोळे आहेत. तू माझं नाव कागदाच्या तळाशी का घालतेस? हिचं बोट दरवेळी तळाच्या कोपऱ्यातून निघतं, तिथेच मला नमस्कार असतो म्हणे. आणि तुझी सही सगळ्यात वर, माझ्या डोक्यावर! दवाखान्यात आधी पाय बघा मग डोकं, असं शिकवतात का? आजीला जरा वर बसवत जा.

लोभ थोडा कमी केला होता, पण लिहिता लिहिता परत तेवढाच झाला. अंगठा खाली आहे, निदान तो तरी खालीच असू दे.

तुझी,
आजी

ता. २५

ती. आजीस सा. न. वि. वि. शिर राहिलं, घाईत आहे.

आजी, तुझं नाव मी कधीच तळाशी लिहिलेलं नाही. प्रत्येक पत्रात पहिल्या ओळीत, माथ्यावर तूच असतेस. कागद उलटा धरला तरच तू खाली जातेस.

मधले, आता तुझ्याशी बोलते. जसा धरला आहेस तसाच कागद धर, फिरवू नकोस. तुला अक्षर येतं. तू ढ नाहीस.

तुझ्या बोटाबद्दल आजीनं लिहिलं आणि मला आपली खोली पुन्हा दिसली, या वेळी नीट. पुस्तकासमोर मी. डाव्या बाजूला लंब्या, उजवीकडे माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बडबड्या. तुझ्या मांडीवर बाळ, म्हणून तुला पाठीला भिंत हवी. भिंत पुस्तकाच्या पलीकडे. मांडीवरचं बाळ बदलत गेलं, आधी तुझ्या पाठचा, मग त्याच्या पाठची, आता तान्ही. तुझी जागा बदलली नाही. आम्हाला अक्षरं उभी दिसायची, तुझ्याकडे ती पाय वर करून यायची. तू ती तशीच ओळखलीस, तशीच काढायला शिकलीस. आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. शाळेतला फळा काही फिरवता येत नाही, म्हणून तू स्वतः उलटी होऊन पाहिलंस. आणि त्याला सगळे हसले.

आजी, हे बाबांना सांगून पटायचं नाही, दिसायला हवं. कापायच्या टेबलाच्या एका बाजूला ते उभे असतात, दुसऱ्या बाजूला ती बटणं लावते. बाकी तुला शिकवायला नको.

महिनाअखेरीच्या आत कर. माझं लक्ष रोग्यांकडे नाही, तुमच्याकडे आहे. रोग्यांवर दया म्हणून तरी लवकर लिही.

तुझी,
थोरली

ता. ३०

चि. थोरली हिस आजीचे अ. उ. आ. आज तुझ्या रोग्यांनाही.

तुझं पत्र वाचून मधलीनं त्याची नीट घडी घातली. मग मला विचारलं की सगळ्यांच्या घरी पुस्तक दुसऱ्या बाजूनंच वाचतात का. तिला वाटायचं, घरचं वाचणं वेगळं आणि शाळेचं वेगळं, घरातल्या चपला आणि बाहेरच्या वेगळ्या असतात तसं. शाळेचं आपल्याला जमत नाही, एवढंच. मी हसायला गेले, पण ते हसू भलत्याच वाटेनं बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या बापानं हिला काजांसाठी शाळेतून घरीच ठेवलं आणि खाका कापायला टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. मी कोपऱ्यातून भिंतीला सांगावं तसं म्हटलं की त्या कागदात काय लिहिलंय ते कुणीतरी सांगा, आंधळ्या माणसाला करमत नाही. तो म्हणाला वेळ नाही. तेवढ्यात समोरून हिनं सुरू केलं, सुई हातातच. कुठल्या बंदरात जहाज गाळात रुतलं आहे. कुणाचा तरी पोपट उडाला आहे, मानेला लाल पट्टा, सापडल्यास कळवावे. कात्री थांबली. तुझ्या बापानं कागद गर्रकन तिच्याकडे सरळ केला, तर ही मुकी. परत फिरवला, तर पोपटाच्या पट्ट्यापासून पुढे चालू. पुन्हा सरळ, पुन्हा उलटा. नळ उघडावा आणि बंद करावा तसं त्यानं कितीदा केलं. मशीन बंद होतं. मग त्यानं गळ्यातली टेप काढून खिशात घातली, भर दुपारी दुकानाची फळी लावली आणि हिचा हात धरून शाळेकडे निघाला. मीही मागून, माझ्या चालीनं.

बाईंच्या वर्गात पाय ठेवायला जागा नाही गं. आपलंच घर, सातऐवजी साठांचं. त्यांना आठवलं, एकदा हिची वही उलटी दिसली, खोडी वाटली, सरळ करून दिली आणि पुढच्या पोराकडे गेल्या. पुढे पोरं बरीच होती. मग हिनं त्यांच्यासमोर धडा वाचला, पुस्तक आपल्या पद्धतीनं धरून. बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. म्हणाल्या की रोज पुस्तक थोडं थोडं फिरवायचं, घड्याळाचा काटा सरकतो तसं, म्हणजे डोळ्यांना कळणारही नाही. नाव काढायचं नाही. तुझ्या बापानं घरी येईपर्यंत हिचा हात सोडला नव्हता, ते त्याच्या लक्षातच नव्हतं.

आता काजं मी करते. एकेक भोक असं होतं की त्यातून बटण तर जातंच, बोटही जातं. गिऱ्हाइकं बोंबलतील, तुझा बाप ऐकून घेईल.

हे पत्र मात्र हिनं हट्टानं कागद एकदम सरळ धरून लिहिलं आहे, दर अक्षराला मान वाकडी करून. अक्षर नुकत्या जन्मलेल्या वासरासारखं लटपटतंय, तुझ्या मेट्रनबाईंना दाखवू नकोस. संध्याकाळी पुस्तकासमोरची जागा पाळीपाळीनं. भिंतीकडच्या जागेवर आता पोर बसवायचं नाही. तिथे मी बसते, तान्हीला मांडीवर घेऊन. मला काय, कुठूनही बघितलं तरी अक्षर सारखंच. निदान परवापर्यंत होतं.

लोभ पूर्वीएवढाच, त्यात आजपासून थोडा रुबाब मिसळला आहे. आज अंगठा नाही. खाली कोपऱ्यात काहीतरी वेडंवाकडं दिसेल, तो शाईचा डाग समजून पुसू नकोस. ते मी काढलं आहे, माझ्या जागेवरून दिसतं तसं. कागद फिरवून बघ.