फोडणीच्या पोळीचा अधिकार

नाना,

तुमच्या नातीला येथील विद्यापीठाने स्वदेशी विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली, हे वृत्त तुम्हांस कळविणे मी माझे कर्तव्य समजतो. तुम्ही दिवंगत आहात, ही केवळ टपालाची अडचण. सिंगापुरात नागरिकांच्या मुलांना एक शुल्क, आणि आमच्यासारख्या कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या परक्यांच्या मुलांना त्याहून बरेच जड. बँकेने माझ्या सेवेचा सन्मानपूर्वक अंत केल्यापासून ते जड शुल्क आमच्या आवाक्यात उरले नव्हते. म्हणून तुमच्या सुनेने आणि नातीने भारतीय पासपोर्ट परत करून येथील नागरिकत्व घेतले. मी घेतले नाही. मातृभूमी या विषयावर मी जेवणाच्या टेबलावर प्रदीर्घ व्याख्यान दिले. तुमची सून म्हणाली, "पोरीला आईचं नागरिकत्व पुरतं. तू बस तुझ्या मातृभूमीवर."

परप्रांतीयांच्या शुल्काशी आपल्या घराण्याचे वैर जुने. तुम्ही इंदूरच्या शाळेत संस्कृत शिकवीत होता आणि मला पुण्याला अभियंता करण्याचा तुमचा संकल्प होता. पण महाराष्ट्राबाहेरच्या मुलाला तेथे भरमसाट शुल्क. उपाय सर्वश्रुत होता: पुण्यातल्या नातेवाइकाचा पत्ता लिहायचा आणि मुलगा घरीच ठेवायचा. तुम्ही असत्याचे वैरी. दहावीनंतर तुम्ही मला पुण्याला आत्याकडे पोचवायला निघालात आणि स्टेशनवर म्हणालात, "पुण्याचा रहिवासी, असं मी सही करून लिहिणार आहे. मी खोटं लिहीत नाही. तेव्हा आजपासून तू पुण्याचा." मला वाटले, हा अतिशयोक्ती अलंकार.

दिवाळीत घरी येतो, तर दारातच तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे करता. माझी पिशवी बाहेरच्या खोलीत, माझ्या कॉटवर धाकटी बहीण, आणि चहा पाहुण्यांच्या कपात, बशीसकट. "प्रवास सुखाचा झाला ना? मुक्काम किती दिवस?" आवाजात उपरोधाचा लवलेश नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून फोडणीच्या पोळीचा वास येतो. कालच्या पोळ्या, कांदा, मिरची, शेंगदाणे. मी ताटली घेऊन आत जातो. आई वाढणार, इतक्यात दारातून तुमचा निवाडा येतो: "पाहुण्याला शिळं वाढायचं नसतं." आईचा हात थांबतो. मला साजूक तुपातला शिरा मिळतो, बाहेरच्या खोलीत, स्टुलावर. बहीण उंबऱ्यावर बसून पोळी खाते आणि माझ्याकडे बघत बोटे चाटते. शुल्क वाचले, हे मान्य. पोळी मात्र पुन्हा पुढ्यात आली नाही. पदवी मिळाली, नोकरी लागली, तुम्ही गेलात. आणि तुमच्या तेराव्यानंतरच्या सकाळीही आईने माझ्यासाठी सवयीने शिराच केला.

परवा शनिवारी तुमची नात क्लेमेंटीच्या वसतिगृहातून तोआ पायोहला आमच्या फ्लॅटवर आली, पाठीवर मळक्या कपड्यांची पिशवी. मी दारात पाण्याचा पेला धरून उभा राहिलो. "यावे, नागरिक महोदया. मुक्काम किती दिवस?" हा विनोद मला वारसाहक्काने मिळाला आहे, हे तिला ठाऊक नव्हते. बूट काढता काढता, शेवटी येथील बोलीचे शेपूट जोडून, ती म्हणाली, "बाबा, सिटिझन मी आहे ना? मग गेस्ट तू, लाह."

आत तुमची सून हसली. "बरोबर आहे. त्याला कपबशीत दे ग चहा."

मुलीने खरोखरच वरच्या फळीवरून बशी काढली, पुसली, चहा माझ्यापुढे ठेवला आणि किंचित वाकून विचारले, "साखर, अंकल?" मग त्या दोघी ओट्याशी उभ्या राहून फोडणीची पोळी कढईतूनच खाऊ लागल्या. मी मागितली नाही. मागितली असती तर हसत हसत दिलीही असती, आणि ते मला झेपले नसते.

मातृभूमीचे व्याख्यान तुम्ही मनावर घेऊ नका. येथील नागरिक झालो असतो, तर मायदेशी उतरल्यावर काचेमागच्या कुणा अधिकाऱ्याने मला विचारले असते, मुक्काम किती दिवस. तो प्रश्न पुन्हा ऐकायचा नव्हता, एवढेच; पाहुणेपणाची सोय मात्र मी घरीच करून घेतली. हे पत्र कोणत्याही पेटीत पडणार नाही, म्हणून तेव्हा न सांगितलेले सांगून टाकतो. शिरा मला कधीच आवडत नव्हता.