चिपला हात न लावता

३ डिसेंबर, रविवार
व्हिडिओ साठवायची पेटी आजही सुरू झाली नाही. लाल दिवा लागतो, थोडा वेळ लुकलुकतो, विझतो. सुनीताचं सगळं काम ह्या पेटीतल्या डिस्कवर. लग्नांचे व्हिडिओ, घरचे, आणि दिवाळीआधी वडनेर भोलजीच्या वावरांतून काढलेले बोंडअळीचे. घरी आली की वायफायवरून सगळं पेटीत टाकायची आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायची. दुसरी प्रत नाही.
कंपनीला फोन केला. बाई म्हणाल्या, मागचं बटण दाबून रीसेट करा, पेटी नव्यासारखी होईल. आतलं? "आतलं जाईल, सर."
आईने विचारलं, कोणाचा फोन. काही नाही म्हटलं.

५ डिसेंबर
जिनिंगच्या वजनकाट्यावर मी ड्यूटीला असताना देवरावकाका आले, वडनेरचे. कापूस कमीच होता. काट्यावरून गाडी उतरली तरी उभेच.
"भाऊ, मॅडमनं काढलेलं पिक्चर निंगालं का?"
तालुक्याला बियाण्याच्या तक्रारीची सुनावणी लागली आहे. पुरावा आणा म्हणतात. काका आणि शेजाऱ्यांनी कापसाची पऱ्हाटी उपटून हरभरा पेरून टाकला. "आता सायबाले वावरात काय दाखवू? हरभरा?"
मग म्हणाले, "मॅडम असत्या तं..." मी पावती फाडून दिली.

१० डिसेंबर, रविवार
सलीमभाईला बोलावलं. स्टेशन रोडवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सुनीताचे कॅमेरेही तोच बघायचा. पेटीतली डिस्क काढून त्याच्या कॉम्प्युटरला लावली. डिस्क फिरते, पण आतलं दिसत नाही. कंपनीने कुलूप घातलेलं आहे आणि त्याची किल्ली पेटीच्याच चिपमध्ये. चिप पुसली की डिस्क नुसता पत्रा. बरं झालं बटण दाबलं नाही.
मग बोर्ड बाहेर काढला. कडेला हिरवट-पांढरं साचलेलं. सलीमभाईने वास घेतला. "भाऊ, हे पाणी नाही."
आई दारात होती. "म्या शिंपडलं रे. सुतक फिटलं तवा घरभर गोमूत्र शिंपडलं. तिच्या टेबलावर जरा जास्तच."
सलीमभाई म्हणाला, "अम्मा, मशीनले सुतक नसते. तिले काऊन आंघोळ घातली?" आई हसली नाही. पदराने टेबल पुसत बसली, कोरडंच.
त्याने ब्रशने, स्पिरिटने साफ केलं. दिवा लालच.

१३ डिसेंबर
कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे पेटी चालवणारा मूळ प्रोग्राम, बिघडला आहे असं सलीमभाई म्हणतो. लोकांनी स्वतः केलेलं दुसरं फर्मवेअर मिळतं. ते चिपवर चढवता येतं, नाहीतर चिपला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवता येतं. पेनड्राइव्ह काढला की पेटी होती तशी.
स. चं मत चढवून टाकावं. "किती दिवस लाल दिवा पाहाचा? एकदा मारून टाकू." मी नाही म्हटलं.
"भरोसा नाही का माह्यावर?"
भरोसा आहे. पण चढवताना लाइट गेली तर? किल्लीवरच लिहिलं गेलं तर? जेवणाच्या सुट्टीत स. च्या दुकानात बसून ह्या मॉडेलवर लोकांनी काय लिहिलंय ते वाचलं. दोघांची पेटी कायमची गेली आहे. दोघांनीही चिपवर चढवलं होतं.

१५ डिसेंबर
असं ठरलं. आधी चिपवर आहे ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. मग जुनी रिकामी डिस्क लावून पेनड्राइव्हवरून दुसरं फर्मवेअर चालवून पाहायचं. सगळं नीट झालं तरच सुनीताची डिस्क लावायची, तीही फक्त वाचण्यापुरती. तोवर डिस्क कपाटात, तिच्या साड्यांच्या घडीत. आईला सांगितलं, ह्या कपाटाला हात लावू नको. जरा जोरात बोललो.

१७ डिसेंबर, रविवार
लाइट दुपारपर्यंत नव्हती. आल्यावर स. दुकानातला यूपीएस सायकलवर बांधून घेऊन आला. "बारातीले नवरदेव आणला," म्हणे.
बटण दाबून धरून पेटी पेनड्राइव्हवरून सुरू केली. दिवा लाल, मग बराच वेळ काहीच नाही, मग हिरवा.
चिपची प्रत घेतली. खात्रीसाठी पुन्हा घेतली. दोन्ही जुळल्या. एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे. रिकाम्या डिस्कवर फोटो टाकले, काढले, पेटी बंद करून पुन्हा लावली. फोटो आहेत.
स. म्हणाला, "आता लावू का भाभीची?"
आज नको म्हटलं.

२० डिसेंबर
देवरावकाकांचा फोन. सुनावणी पुढच्या आठवड्यात. "तुमाले जमत नसन तं सांगा भाऊ, मी तसाच जातो. पण मंग ते म्हनतीन, काका, अळी तुमच्या डोक्यात हाय."
जमेल म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

२४ डिसेंबर, रविवार
सकाळी डिस्क लावली. किल्ली लागली. फोल्डरची नावं दिसली. लग्नांची बरीच, मग "वडनेर प्लॉट" आणि "घरचे".
लगेच डिस्कमधून टकटक. पेटी बंद केली. स. ने कान लावला. "थकली हाय भाऊ. किती उतरेल सांगता येत नाही. जे पाहिजे ते पहिले घे."
"घरचे"मध्ये काय काय आहे मला नीट माहीतही नाही. तिचा आवाज असेल. आईचं तोंड पाहवत नव्हतं, तिलाही कळलं होतं.
वडनेर म्हटलं.
आई आत गेली.
उतरवताना मधे मधे थांबवून डिस्क गार होऊ दिली. संध्याकाळपर्यंत वडनेर पूर्ण झालं. पुन्हा टकटक, आधीपेक्षा मोठी. बंद केली. "आज हात नको लावू तिले," स. म्हणाला आणि यूपीएस इथेच ठेवून गेला.
नीट चालतात का म्हणून एक व्हिडिओ लावला. देवरावकाकांचं वावर. काका बोंड फोडून धरतात, आत गुलाबी अळी. मागून सुनीता गट नंबर सांगते, तारीख सांगते. त्या दिवशी सुटी होती, तिला गाडीवर मीच घेऊन गेलो होतो. मग माझी सावली बोंडावर पडते. "अहो, बाजूले व्हा ना जरा. तुमच्यानं अळी दिसून नाही राह्यली."
आईला हाक मारली. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "पुन्हा लाव."

२५ डिसेंबर
वडनेरचे व्हिडिओ दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून देवरावकाकांना दिले. "घरचे" तसंच आहे, न उतरवलेलं. डिस्क कपाटात. लावायची की नाही...
आई दोनदा कपाटापाशी जाऊन आली. हात लावला नाही.