भट्टीवरची खोली

दि. १४ मार्च, गुरुवार

लाडक्या शिट्टीस,

तुझ्या आजीचे पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या आजोबांच्या वेळेपासून कुरकुरतात आणि तेव्हाही त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. तुझा बाप बरा आहे. तू आणि तुझी आई बऱ्या आहात असं मी धरून चालले आहे, कारण तुमच्याकडून काही कळायचं नाव नाही.

अक्षर ओळखलं असशीलच. नेहमीप्रमाणे समोरचा शिंपी लिहितोय. माझ्या नशिबात अक्षरं आली नाहीत, त्याच्या नशिबात मी आले. त्याला बजावलंय, मी बोलेन तसं लिही, कापाकापी तुझ्या दुकानात कर. तो म्हणतो, "काकू, पत्रात माझी बदनामी कशाला?" हेही लिही रे.

आधी बातम्या. समोरच्या शाळेच्या भिंतीला रंग दिला, लगेच पोरांनी त्यावर हेडमास्तरांचं चित्र काढलं, हुबेहूब आलंय. भट्टीच्या कट्ट्यावर झोपणारी आपली मांजर रुसून शिंप्याच्या दुकानात राहायला गेली. त्याच्या कपड्यांवर लोळते. का रुसली, ते पुढे सांगते. भट्टीवाला कुबड्या अजून तसाच आहे, दिवसभर बडबडतो. फक्त आता माणसांशी बोलत नाही, बटणांशी भांडतो. तेही पुढे सांगते.

आता कोर्टाचं. शिंपी मान हलवतोय, म्हणतो हे राहू दे. पत्र त्याचं आहे का?

तुझ्या खात्याने हवेचा तो नवा नियम काढला, की शहरातल्या बेकऱ्यांनी लाकडाच्या भट्ट्या बंद करायच्या आणि विजेच्या घ्यायच्या. नियम लिहिणाऱ्यांत तू होतीस, हे मला तुझ्या बापाने सांगितलं. कुठल्या शब्दांत सांगितलं ते लिहीत नाही, शिंपी सभ्य माणूस आहे. लाकूड जाळलं की धूर तर होतोच, वर सगळ्या जगाला ताप चढतो म्हणे. जन्म भट्टीपुढे काढलेल्या बाईला तुम्ही ताप शिकवता!

मग सगळे बेकरीवाले एकत्र येऊन कोर्टात गेले. जुन्या भट्ट्यांना तरी सूट द्या, एवढंच त्यांचं मागणं. सगळ्यात जुनी भट्टी आपली आणि सगळ्यात जुनी बाई मी, म्हणून मला साक्षीला उभं केलं. मी धुतलेलं लुगडं नेसून गेले. नेहमीसारखी पावाची पिशवीही घेतली, कारण तू तिथे असणार हे मला माहीत होतं. नियमाचं काम निघालं की तू जेवत नाहीस, तुझी आई सांगायची.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आजी, धुराचा त्रास होतो का?" मी म्हटलं, "बाई, त्रास आम्हाला नाही, आम्हीच धुराला त्रास देतो." सगळे हसले. तू तुमच्या वकिलाच्या मागे बसली होतीस, तूही हसलीस. मी पाहिलं. फार दिवसांनी पाहिलं.

मग तुमच्या वकिलाने मला आणखी एक विचारलं, मी उत्तर दिलं, आणि खाली उतरले.

बाहेर व्हरांड्यात मी पिशवी तुझ्यापुढे धरली. तू म्हणालीस, "साक्षीदाराकडून मला काही घेता येत नाही." आजीकडून, असं म्हटलं असतंस तर मी भांडले तरी असते. दारावरच्या पोलिसाने दोन पाव खाल्ले आणि म्हणाला, "आजी, ही भट्टी बंद करणारे वेडे आहेत." मी म्हटलं, "वेडी नाही, माझी नात आहे." तोवर तू जिना उतरून गेली होतीस.

निकाल लागला तो तुला माहीतच आहे. जुन्या भट्ट्यांवरच्या नियमाला स्थगिती. आपण जिंकलो. तुझ्या बापाने गल्लीला फुकट पाव वाटले. तेव्हापासून तुझा फोन नाही, निरोप नाही. तुझा बाप म्हणतो, हरली म्हणून फुगलीय. तो तुझा बाप आहे, त्याला कळायला वेळ लागतो.

तुला जे माहीत नाही, ते आता ऐक.

आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे. संध्याकाळी भट्टीत पहिलं लाकूड घरातल्या थोरल्या बाईने घालायचं. तिने घातल्याशिवाय काडी ओढायची नाही. निकालानंतरच्या संध्याकाळी तुझ्या बापाने हाक मारली, "आई, लाकूड घाल."

मी म्हटलं, "हात दुखतोय."

"सकाळी तर पीठ मळत होतीस."

"तेव्हा दुखत नव्हता."

दुसऱ्या दिवशीही हात दुखला. कुबड्या म्हणाला, "काकू, मी घालू का?" मी नुसतं बघितलं, तो मिठाचं पोतं उचलायला निघून गेला. शेवटी तुझा बाप माझ्यासमोर पाटावर बसला, लहानपणी बसायचा तसा. म्हणाला, "आई, कोर्टाने परवानगी दिलीय."

"कोर्टाने दिलीय," मी म्हटलं. "मी दिलेली नाही."

मग उठून त्याने भट्टीचं दार लावलं. हळूच लावलं, आत कुणी निजल्यासारखं. माझ्यासमोर रडला नाही, बाहेर सरपणाच्या ढिगामागे जाऊन रडला. आईला काय दिसत नाही?

म्हणून मांजर रुसली. कट्टा गार पडला.

आता विजेची भट्टी आली आहे, कपाटाएवढी, कुबड्या भांडतो ती बटणं हिचीच. पाव होतो. सगळे एकसारखे, पांढरेफटक, नुकतेच न्हाव्याकडून आल्यासारखे. गिऱ्हाइकं नाकं मुरडतात आणि घेऊन जातात. मीही खाते. खोटं कशाला बोलू, जुन्या पावाची आठवण येते. तुझ्या आजोबांच्या अंगाला तोच वास असायचा.

खोटं कशाला बोलू म्हटलं खरं. शिंपी थांबलाय आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतोय. लिही.

तुमच्या वकिलाने विचारलं होतं, "तुमच्या घरात कुणाला कधी श्वासाचा त्रास झाला?" मी म्हटलं, "नाही." तू मान वर केलीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त श्वास घेतलास, आणि एवढ्या मोठ्या खोलीत तो मला ऐकू आला.

लोकांना वाटतं तू लहानपणी शिट्ट्या मारायचीस म्हणून तुला शिट्टी म्हणतात. मीच तसं सांगत आले. भट्टीवरच्या खोलीत तुझी छाती वाजायची आणि आम्ही खाली पाव भाजायचो. डॉक्टर म्हणाले, धूर हलवा नाहीतर पोरीला हलवा. भट्टी हलेना, म्हणून तुला हलवलं. तुझी आई तुला घेऊन मावशीकडे गेली. तुझा बाप सुट्टीला तिकडे आणि एरवी इकडे, अर्धा अर्धा झाला. तू यायचीस ती शिंप्याच्या बाकापर्यंत. मी पिठाचे हात पुसत रस्ता ओलांडायचे. एवढी मोठी झालीस, पण या घराचा जिना पुन्हा चढली नाहीस. तू तुझ्या आजीवर सूड म्हणून नियम लिहिलास असं गल्ली म्हणते. मला वाटतं, तुला घरी यायचं होतं. घरी यायला कुणाला कायदा लिहावा लागू नये गं.

भट्टीवरची खोली घासून घेतली. आधी काळं पाणी निघालं, मग करडं, मग नुसतं पाणी. रंग दिला. त्याचा वास जावा म्हणून खिडक्या उघड्या आहेत. गादी नवी आहे, खोळ शिंप्याने शिवली, एक बाजू तोकडी आहे. (कापड कमी दिलं होतं. — शिंपी)

ये. आईलाही आण. आजीकडे यायचं नसेल तर तपासणीला ये. ते हवा मोजायचं यंत्र आण, कोपऱ्याकोपऱ्यात ठेव. आकडा मनासारखा आला तर एक रात्र झोप. मी जिन्यात बसून ऐकेन. काही ऐकू आलं नाही, की मीही निजेन.

माझ्या पत्रावरचा अंगठा काजळीचा असायचा. तुझ्या आईला पत्र खिडकीबाहेर झटकून मगच तुझ्या हातात द्यावं लागायचं. या वेळी झटकू नका म्हणावं. काजळी संपली, अंगठा शाईचा आहे.

वाट बघणारी,
तुझी आजी