रिपोर्ट तर नॉर्मल आहे

९ जानेवारी
सगळ्या बाह्या डाव्या! कापडाचे थर लावले, कापायचं मशीन फिरवलं, गठ्ठे बांधून पुढे पाठवले, आणि शिवणाऱ्या बाईने हाक मारली, "ताई, उजव्या कुठायत?" बाहीचा फर्मा, म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना, एकदा सुलटा ठेवायचा, एकदा उलटा. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आज जागेपणी विसरले. कारखान्यातले कटिंग मास्तर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "काही दिवस शिवलेल्या कपड्यांचे धागे तोडायला बसा."

धागे तोडायला नव्या मुली बसतात.

१० जानेवारी
नवऱ्याला सांगितलं. "थायरॉइडची गोळी घेतेस ना रोज? रिपोर्ट तर नॉर्मल आहे." झालं. म्हणजे मी ऐदी. माणूस वाईट नाही, पण कागदावर आकडा दिसला की त्याला बायको दिसत नाही.

१६ जानेवारी
कंगव्यात केसांचा पुंजका. पायात मोज्यांवर मोजे, तरी पाय गार. दुपारी धागे तोडता तोडता डोळ्यांवर झापड आली. शेजारची पोरगी कोपर मारून उठवते. गोड आहे, पण लाज वाटते.

२४ जानेवारी
नव्या डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. नवरा बरोबर असला की तोच बोलतो. त्यांनी आधी रिपोर्ट मागितलाच नाही! "दिवस कसा जातो ते सांगा." बाह्यांचं सांगता सांगता रडायलाच आलं.

म्हणाल्या, तुमच्या गोळीतून शरीराने दुसरं एक हार्मोन बनवायचं असतं, काहींना ते पुरेसं बनत नसावं. मोठी गोळी थोडी कमी करू, जोडीला एक लहान, सकाळी नि दुपारी. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही हं. छातीत धडधडलं तर लगेच कळवा. रक्त तपासून मग ठरवू."

गुण नाही आला तर धागेच तोडायचे. मास्तर कटिंगला दुसरी बाई शोधतायत असं कानावर आलंय.

२ फेब्रुवारी
काही नाही. तसंच.

५ फेब्रुवारी
लहान गोळी घेऊन जिना चढले, छाती धडधडली. वाटलं, गोळीच बाधली. नंतर आठवलं, धावत चढले होते. कित्येक दिवसांनी!

१३ फेब्रुवारी
नवऱ्याचं मत: "दोन दोन गोळ्या कशाला? एकीवर रिपोर्ट नॉर्मल होता." दुपारची गोळी चुकू नये म्हणून डबी कामाच्या झग्याच्या खिशात ठेवते.

२६ फेब्रुवारी
काल दुपारी झोप आली नाही, हे आज लक्षात आलं. मुलीने विचारलं, "आई, तू गुणगुणतेस?" गुणगुणणं थांबवलं. दृष्ट लागेल असं उगीच वाटलं.

१२ मार्च
मास्तरांनी कटिंगच्या टेबलाकडे बोट केलं. "जमेल?" फर्मा सुलटा, फर्मा उलटा. तीनदा तपासला. डाव्या तितक्याच उजव्या निघाल्या. मास्तरांनी नव्या कापडाचे गठ्ठे माझ्यापुढे सरकवले. घरी येताना विनाकारण लांबच्या रस्त्याने चालले.

१९ मार्च
रिपोर्ट आला. बिघडलाय. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि आकडा पार खाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडा खाली म्हणजे औषध जास्त होतंय. हृदयाला त्रास नको. लहान गोळी आता सकाळची तेवढीच, मग बघू." दुपारची बंद. मी दुपारीच तर कोसळायचे.

नवऱ्याने रिपोर्ट वाचला नि घाबराघुबरा झाला. "एवढा खराब? आणि तू कामाला जातेस? आधी पड बघू." मला पांघरूण घातलं, पायांशी नीट खोचलं, स्वयंपाकाला लागला. आतून भांडी पडल्याचा आवाज येतोय. 'आधी पड बघू' या वाक्याची मी दोन वर्षं वाट बघितली.

पडून आहे. झोप अजिबात येत नाही. पाय छान गरम आहेत.