एवढं एक खरं लिहून द्या

गुरुवार, ९ जुलै

स. न. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्हीही बरे असाल. आईंना आता दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. काही सांगायचं तर पाटीवर लिहून दाखवते. बाकी ठणठणीत आहेत. तुमचा रंगारी दोस्त भेटला, त्याच्याकडून पत्ता कळला. तो उद्या तिकडे निघतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतेय. सोमवारी तो परत येईल. उत्तर त्याच्याकडेच द्या. घाबरू नका, घरी या म्हणायला लिहिलेलं नाही.

मी सकाळी कॉलेजला जाते. हसा हवं तर. एकोणचाळिसाव्या वर्षी लॅब टेक्निशियनचा कोर्स करतेय. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा." मी म्हटलं, "सर, माझे पालक आणायला फार उशीर झालाय." तेव्हापासून पोरं मला काकू म्हणतात आणि माझ्याच वह्या उतरवून घेतात.

दुपारी लॅबमध्ये नळ्या धुते. अकरा वर्षं झाली. आता नळ्या धुवायचं यंत्र येतंय. डॉक्टर म्हणाले, "पास झालीस तर तपासणीच्या टेबलावर बसवतो." नाही झाले तर घरी. या परीक्षेवर आमच्या दोघींचं पोट आहे हो. फीचा पहिला हप्ता कानातलं मोडून भरला. दुसरा भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून त्यासाठी कॉलेजच्या मदतनिधीकडे अर्ज केला. तुमचं काही येत नाही, तेव्हा मिळायला हरकत नव्हती.

नामंजूर झाला. कारण लिहिलंय, 'पती नियमित पैसे पाठवतात.'

चौकशीच्या बाई आल्या तेव्हा मी कामावर होते. आईंनी त्यांना बसवलं, चहा दिला. मुलगा काही पाठवतो का, असं त्यांनी पाटीवर विचारलं. आईंनी कपाटातला डबा काढला आणि तुमची पत्रं त्यांच्या पुढ्यात ओतली. 'आई, पैसे पाठवलेत. गोळ्या चुकवू नकोस.' बाईंनी चार-पाच वाचली. पाटीवर लिहिलं म्हणे, नशीबवान आहात.

तुम्ही म्हणाल, मी कधी पत्रं लिहिली? तुम्ही नाही, मी लिहिली. तुम्ही गेलात आणि आईंनी अन्नाला तोंड लावणं सोडलं. तेव्हा तुमच्या जुन्या वहीवरून अक्षर गिरवलं, माझा पगार पाकिटात घातला आणि पोस्टातून आलं म्हणून हातात दिलं. त्या जेवल्या. एकदाच करायचं होतं, पण मग त्या पुढच्या पत्राची वाट बघायला लागल्या. माझ्या हातानं मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

मदतनिधीच्या खिडकीवर हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तिथले क्लार्क वाईट नाहीत. म्हणाले, "मला कळतंय हो ताई, पण रिपोर्टात पत्रं पाहिल्याचं लिहिलंय. नवऱ्याकडून लेखी आणा. मंगळवारी चारपर्यंत." आईंनाच खरं सांगून तिथे उभं करता आलं असतं. तीनदा पाटीवर लिहिलं, 'तो काही पाठवत नाही.' तीनदा त्यांनी बघायच्या आत पुसलं.

सोबत कागद आहे. मजकूर मी लिहिलाय: 'गेल्या अकरा वर्षांत मी घरी काहीही पाठवलेलं नाही.' खाली तुमची सही हवी. ती मी तुमच्याहून सुबक करते. काल पेन उचललंही होतं. पण तुमच्याविषयी या घरात एवढा एकच कागद खरा असणार आहे. त्याच्यावरही माझीच खोटी सही? नाही होत माझ्याच्यानं.

राग नाही, असं लिहिणार होते. आहे. फार आहे. तरी हात जोडते, सही करा. आत्ताच, रंगारी समोर उभा असताना करा. नंतर म्हणालात तर तुम्ही करायचे नाही, हे मला ठाऊक आहे.

सही आली नाही तर मंगळवारी सकाळी आईंना सगळं सांगावं लागेल. त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी त्याची पत्रं लिहायला कुणी नसेल.

आईंची सून