ह्यांचं मत

१२ जानेवारी, रविवार
आज वाचनकट्टा आमच्याकडे भरला. मीच कट्टा चालवणाऱ्या शेळकेबाईंना म्हटलं होतं, ह्यांना एकटं सोडून मला ग्रंथालयात येता येत नाही, तर तुम्हीच या. सगळे आले. सलीमभाई कुरकुंभच्या कारखान्यातली रात्रपाळी करून थेट. डोळे लाल, पण कादंबरी वाचून झालेली!
हे आतल्या खोलीत. दार लोटून. पक्षाघातानंतर असंच, माणूस आलं की आत. हातपाय बरेच आले, शब्द नाही आले. कळतं सगळं, पण तोंडात भलताच शब्द येतो. पाणी हवं असतं, म्हणतात "सिग्नल". मग स्वतःवरच चिडतात. जन्मभर मालगाडीचे गार्ड. दौंडच्या यार्डात ह्यांचा आवाज वॉकीटॉकीशिवाय ऐकू जायचा म्हणे.
जाताना एकीनं दारातून ओरडून विचारलं, "काका, जेवलात का-आ?" तान्ह्या बाळाला विचारावं तसं.
बहिरे नाहीत ते. बोलले नाही मी. बोलायला हवं होतं.

१६ जानेवारी, गुरुवार
डेमू गाडीनं पुण्याला. स्पीचवाल्या मॅडम म्हणाल्या, चित्रं ओळखायचा अभ्यास पुरे झाला, आता ज्यावर त्यांचं मत असेल असं काहीतरी बोलत जा.
मत! ह्यांचं मत नाही अशी गोष्ट जगात होती का? वांगं उभं चिरावं की आडवं, इथपासून.
येताना गाडीत खिडकीबाहेर बघत बसले.

२१ जानेवारी, मंगळवार
ठरवलं. कट्ट्याची पुढची कादंबरी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. रोज चहानंतर. हे फक्त खुनाच्या तपासाच्या कादंबऱ्या वाचायचे, रनिंग रूममध्ये, गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत, पडल्या पडल्या. माझ्या पुस्तकांना "रडकी" म्हणायचे.
ही तर रडकीच. कोकणातलं बंदर, होडीवरचा दामोदर. त्याचं सुमनवर मन. धाकटा भाऊ येऊन म्हणतो, दादा, माझं सुमनशी जमवून दे. दामोदर चकार शब्द न काढता स्वतः जाऊन भावासाठी मागणी घालतो. लग्नात पंगतीला वाढतो.
पानावर दोन थेंब पडले, पदरानं टिपून पुढं वाचलं. हे भिंतीकडे तोंड करून बसले. वाटलं, त्यांनाही भरून आलं.

३१ जानेवारी, शुक्रवार
संपली. दामोदर म्हातारा होऊन मरतो, कुणाला काही न सांगता. सुमनलासुद्धा नाही. मी डोळे पुसत विचारलं, "आवडली?"
हातानं 'न्हाई'.
"का हो?"
तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मांडीवर मूठ आपटली आणि उठून गेले. म्हणजे भरून आलं नव्हतं. राग होता. पण कुणावर? माझ्यावर की...

९ फेब्रुवारी, रविवार
आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.
कट्टा घरीच. शिरूरहून विमल आलेली, ह्यांची धाकटी बहीण. दादाला बघायला येते आणि दादाच्या वतीनं सगळं तीच बोलते. हे आज आत गेले नाहीत! दारापाशी खुर्ची ओढून बसले.
सगळ्यांना दामोदर आवडलेला. सलीमभाई म्हणाले, "असा माणूस आता कुठं मिळतो?" शेळकेबाई म्हणाल्या, त्याच्या गप्प राहण्यातच त्याचं मोठेपण आहे. मीही मान डोलावत होते.
एवढ्यात हे. "भ... भाकर."
विमल टुणकन उठली. "भूक लागली व्हय रं दादा? आणते हां."
"न्हाई! भिं... भिंत..."
"भिंत? टेकून बसवू का?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मलाही कळेना. ह्यांचा चेहरा लालबुंद, कानशिलांच्या शिरा फुगलेल्या. मी म्हणणारच होते, राहू द्या, दमाल. शेळकेबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "थांबा. घाई काय आहे? रविवार आहे."
थांबलो. पंखा तेवढा वाजत होता. विमल भाकरीची ताटली घेऊन तशीच उभी.
"भित्रा," हे म्हणाले.
कोण?
"दामो... दामोदर. भित्रा."
आणि मग, एकेक शब्द यार्डातून वॅगन ओढून आणावी तसा, "जीभ... हुती. त्याला. बोलला न्हाई."
सलीमभाईंनी मान खाली घातली. विमलनं पदर तोंडाला लावला. आता सगळे कौतुक करणार, वा काका, छान बोललात, असं म्हणणार, आणि हे परत आत जाणार. भीती वाटली मला त्याची.
शेळकेबाई मात्र चष्मा काढून सरळ म्हणाल्या, "मला नाही पटत, सुभाषराव. तो बोलला असता तर भावाचा संसार मोडला असता. ह्याला तुम्ही भित्रेपणा म्हणता?"
ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बरोबरीच्या माणसाकडे पाहावं तसं. आणि मान हलवली, म्हणतो!
हसले. तोंड अजून एका बाजूला वाकडं होतं हसताना. इतके दिवस मी ते हसू पाहिलंच नव्हतं.
भाकरी सलीमभाईंनी खाल्ली.

१० फेब्रुवारी, सोमवार
सकाळी सकाळी भांडण. मी म्हटलं, दामोदर थोरच. हे म्हणाले, "येडा." मी म्हटलं, सगळंच बोलून दाखवायचं नसतं. हे म्हणाले, "सुमन... तिला कुणी... इचारलं?"
तिला कुणी विचारलं!
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुमनचा हक्क होता की कळायचा. तरी मी हार मानली नाही. भाजी करपली. किती महिन्यांनी भांडलो आम्ही! पोळ्या लाटताना मी एकटीच हसत होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार
शिरूरच्या ग्रंथालयातल्या वाचकांनी आमच्या कट्ट्याला बोलावलंय. दोन्हीकडच्यांनी ह्याच कादंबरीवर बोलायचं. शेळकेबाईंनी बोलणाऱ्यांत ह्यांचं नाव घातलं, मला न विचारता. ह्यांना विचारून.
विमलचा फोन. "वहिनी, शिरूरला आपल्या गावातली माणसं येतील. आपले भावकीतले असतील. दादाचं हसं झालं तर? एक काळ होता, दादा बोलायला लागला की पंचायत गप बसायची. तोच दादा लोकांनी असा बघायचा का?"
खोटं नाही ती म्हणते ते. मलाही धास्ती आहे.
ह्यांना सांगितलं, विमल असं म्हणते. म्हणाले, "हसू दे की."

९ मार्च, रविवार
आलो शिरूरहून.
सलीमभाईंच्या गाडीनं गेलो. न्हावऱ्याला चहा. ह्यांची घोटून घोटून केलेली दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. हे ड्यूटीला निघाल्यासारखे.
हॉल भरलेला. शिरूरची मंडळी छान बोलली, सगळी दामोदरच्या बाजूनं. मग ह्यांची पाळी. मला धरू दिलं नाही. स्वतः उठले, स्वतः माइकपर्यंत गेले.
आणि शब्द गेला.
घरी पाठ केलेलं पहिलं वाक्यच गेलं. "म... मा..." मागं कुणीतरी खाकरलं. विमल पहिल्या रांगेत, तिला राहवेना. उठून लोकांकडे वळली. "दादाला असं म्हणायचंय, की दामोदर हा..."
ह्यांनी हात वर केला. गाडी थांबवायचा हात.
"थांब विमल. मी... बोलतोय."
ती मटकन खाली बसली.
मग बोलले. अडखळत, मध्ये मध्ये चुकीचा शब्द टाकून, तो परत घेऊन. म्हणाले, माझी वाचा गेली. रोज शोधतो. एक शब्द सापडला की दिवाळी. "आन् ह्या गड्याकडं... सगळे शब्द हुते. धडधाकट. आन् त्यानं... जन्मभर कुलपात ठिवले. त्याला तुम्ही... मोठा म्हणताय?" थांबले. घाम पुसला. "मला... राग येतो त्याचा."
झालं. खुर्चीत येऊन बसले.
टाळ्या नाही वाजल्या. टाळ्यांहून भारी गोष्ट झाली. इकडून तिकडून हात वर झाले, सगळ्यांना ह्यांच्याशी वाद घालायचा होता! एक म्हातारे गृहस्थ तावातावानं म्हणाले, साहेब, तुम्ही अन्याय करताय त्याच्यावर. हे म्हणाले, "करतो!" सगळा हॉल हसला. ह्यांच्यासकट. ह्यांच्यावर नाही.
शिक्रापूरच्या कंपनीत काम करणारी एक तरुण बाई उठली. म्हणाली, "काका, राग मानू नका. पण तुम्ही दामोदरच्या जागी असता, तर बोलला असता का? खरं सांगा."
हे तोंड उघडून थांबले. ह्या वेळी शब्द नव्हता म्हणून नाही. विचार करत होते, मला कळतं.
"सांगतो," म्हणाले. "आज न्हाई."
बाहेर विमल ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग म्हणाली, "दादा, तुझं काही खरं नाही हां. दामोदर चांगलाच होता." हे खूश!

१६ मार्च, रविवार
आठवडाभर हे त्या प्रश्नात. अंगणात येरझाऱ्या. मध्येच थांबतात, ओठ हलवतात. कादंबरीतलं मागणीचं प्रकरण माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. दोनदा.
आज चहा घेताना म्हणाले, "त्या बाईला... उत्तर."
म्हटलं, फोन लावू का शेळकेबाईंना? नंबर मिळेल.
"न्हाई. समोर. शिरूरला."
"मला तरी सांगा. बोलला असतात का?"
माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. लग्नाआधी एकदा असंच बघितलं होतं, आमच्या ओसरीवर, आणि तेव्हाही काही बोलले नव्हते.
मग कप खाली ठेवला आणि म्हणाले, "त्याचेच तर... शब्द जमवतोय."