एका काठाची तापी

नंदुरबार,
५ जुलै १९६८

प्रिय फुलवंता,

पत्र उघडून आधी सही बघशील आणि मग मला मनसोक्त शिव्या घालशील. घाल. सहा वर्षांत दोन ओळी लिहिल्या नाहीत, तेवढा तुझा हक्कच आहे. वाहरूची जीप तळोद्याहून तुमच्या डोंगरात जाते, त्याच्याकडेच हे देते आहे. तो म्हणाला, "काळजी करू नका, बाईना हातमाच देसू." पठ्ठ्याने वाटेत उघडून वाचलं नाही म्हणजे मिळवली.

मी आता आपल्याच कॉलेजात इतिहास शिकवते. घरी कोरीटला आईने माझ्या लग्नाचा विषय अजून सोडलेला नाही आणि मी कॉलेज सोडलेलं नाही, असं आमचं बरं चाललं आहे. माझ्या वर्गाच्या खिडकीतून आपला निंब दिसतो. दुपारी मुलं पेंगायला लागली की मीही त्याच्याकडे बघत राहते, आणि खरं सांगते, तू तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसलेली दिसतेस.

पहिल्या वर्षाचे ते पहिले दिवस आठवतात? भूगोलाचे आगाशे सर थेट रत्नागिरीहून आलेले. छताकडे बघत इतकं शुद्ध बोलायचे की मागच्या बाकावरचा मगन हवालदिल होऊन विचारायचा, "हाऊ काय सांगी ऱ्हायना?" मगनची ही गत, तर पावरी बोलत वाढलेल्या तुम्हा डोंगरातल्या पोरांचं काय होत असेल! तुझ्याबरोबर आलेले दोघं-तिघं तर पेट्या बांधून बसले होते. मग तास संपला की आपण निंबाखाली जमायला लागलो. सरांचं मी अहिराणीत सांगायचे, माझं तू पावरीत सांगायचीस. तू ऐकताना डोळे मिटायचीस आणि बोलताना हळूच उघडायचीस. मला पावरीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तुझा आवाज ऐकत बसावंसं वाटायचं.

कुणी बैठक घेतली नव्हती की हुकूम काढला नव्हता, पण सगळं कॉलेज आपल्या निंबाला सामील झालं. उखा शिपाई दुपारची घंटा मुद्दाम उशिरा द्यायचा; कुणी हटकलं तर म्हणायचा, "घंटा काय पळी जाई ऱ्हायनी का?" खाणावळीच्या शोभाबाई भाकरीची टोपली घेऊन झाडाखालीच यायच्या. ग्रंथालयाचे रतिलालभाई, एरवी पुस्तकालाही हात लावू न देणारा माणूस, पण पृथ्वीचा गोल स्वतः उचलून आणून द्यायचे. त्या गोलावर निंबाची सावली हलत राहायची. कुठे पाणी आणि कुठे जमीन, काही कळायचं नाही. मला ते फार आवडायचं.

आणि मग समुद्राचा दिवस आला. समुद्र मी तरी कुठे बघितला होता? खूप मोठं पाणी, एवढंच सांगितलं. तू विचारलंस, त्याचा पलीकडचा काठ? मी म्हटलं, दिसत नाही. तू नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून बसलीस, मग बोललीस आणि सगळी पोरं एकदम गप्प झाली. काय सांगितलंस म्हणून विचारलं तर म्हणालीस, "सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला तापी बघितली होती ना सगळ्यांनी? तिचा एक काठ काढून घेतला."

सहामाहीला सगळ्यांच्या पेपरात तेच उतरलं: समुद्र म्हणजे एका काठाची तापी. आगाशे सरांना वाटलं, कॉपी झाली. सगळ्यांची नावं कापायची भाषा सुरू झाली, तेव्हा उखा, शोभाबाई आणि रतिलालभाई तिघंही प्राचार्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांच्याकडून सगळं ऐकून सर निंबाखाली आले आणि तुला म्हणाले, मलाही सांगा. तू पावरीत सांगितलंस. त्यांना एक शब्द कळला नसेल, पण शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "आमच्या घरामागे आहे तो."

वर्षअखेरीस सगळे पास झाले. तू तेवढी इंग्रजीत राहिलीस. निकाल बघून तू पेटी घेऊन जीपमध्ये बसलीस. उखाने त्या दिवशी घंटाच दिली नाही. तू गेलीस आणि निंबाखालचं बसणंही हळूहळू मोडलं.

आता पत्राचं कारण. यंदा पहिल्या वर्षाला तुझ्या गावची बेबी आली आहे. परवा ती निंबाखाली ट्रंकेवर बसून रडत होती. काहीच कळत नाही, घरी जाते, म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, समुद्र बघितलास का गं कधी? डोळे पुसत म्हणाली, "नाही. पण आमच्या फुलवंताबाई सांगतात, ती एका काठाची तापी असते." फुला, मला तिच्यासमोरच रडू फुटलं. म्हणजे इतकी वर्षं तू तिथे पोरांना जमवून सगळं सांगत बसली आहेस! रात्रभर मला एकच गोष्ट छळत राहिली. सरांचं माझ्याकडे यायचं, माझं तुझ्याकडे, तुझं सगळ्यांकडे. "समजनं का?" म्हणून आपण एकेकाला विचारायचो. तुला कुणीच विचारलं नाही. म्हणून प्राचार्यांशी बोलले आहे. पहिल्या वर्षाला तुझं नाव पुन्हा घालायला ते तयार आहेत, शोभाबाईंनी खोली झाडून ठेवली आहे. बेबीची ट्रंक मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे. तुझ्या बाई आल्या की परत देईन, असं तिला सांगितलं आहे. तेव्हा ये. पोरांना तू सांग, पण इंग्रजीचा तास झाला की मी फक्त तुझ्यासमोर बसेन आणि विचारेन, "फुला, तुले समजनं का?" नाही म्हणालीस तरी चालेल. मी परत सांगेन.

तुझीच, निंबाखाली वाट बघणारी,
रुक्मिणी